ड्रायव्हर बदलला आणि गाडीच बंद पडली: कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या बिननावाच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचा अनुभव

पाचातले चार तारे देतेय. एक तारा कुठं गेला ते पुढं येईलच. आधी दुकान कसं शोधायचं ते सांगते, कारण मॅपवर ते सापडत नाही आणि त्याला नावही नाही. व्हीनस कॉर्नरकडून स्टेशनकडं निघालात की शाहूपुरीतल्या ज्या गल्लीच्या तोंडाला लाँड्री आणि झेरॉक्स शेजारी-शेजारी आहेत, तिथं आत वळा. गाळ्यावर अजून आधीच्या भाडेकरूची पाटी आहे, 'अस्सल कोल्हापुरी चप्पल, योग्य दर'. आत चप्पल एकच जोड, तोही काकांचा. बाकी भिंतीभर खिळ्याला टांगलेले मदरबोर्ड, बिस्किटाच्या डब्यांतून स्क्रू आणि मधोमध चष्मा कपाळावर सरकवून बसलेले काका. हे आधी टीव्ही दुरुस्त करायचे, पिक्चर ट्यूबवाले. टीव्ही चपटे झाले तसे कॉम्प्युटरकडं वळले. टीव्हीचं तेवढं लक्षात ठेवा.

माझं काम लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं. राहायला साने गुरुजी वसाहतीत. फोटोग्राफर मंडळी शूटिंग आणून देतात, मी कापाकापी करून, रंग नीट करून, गाणी लावून परत देते. अकरा वर्षं हेच करतेय. कॉम्प्युटर हॉलमध्ये देव्हाऱ्याच्या खाली आहे, कारण इन्व्हर्टरचा पॉइंट तिथंच निघाला.

मे महिना, हातात तीन लग्नं आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की रोज तोच निरोप, तुमचा ग्राफिक्स ड्रायव्हर जुना झालाय. आठवडाभर 'नंतर'वर टिचकी मारली. मग एका शनिवारी रात्री साडेदहाला म्हटलं, टाकूया एकदाचा. हातात काम असताना चालू मशीनला हात लावू नये हे मला माहीत होतं, मी स्वतः चार जणांना सांगितलेलं आहे. तरी केलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा आणि व्हिडिओ रेंडर करताना, म्हणजे एडिट केलेल्याची शेवटची फाईल तयार होताना, राबणारा भाग. विंडोज आणि ते कार्ड यांच्यात बोलणी करून देणारं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर. आमच्या सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "ड्रायव्हर बदलला तर गाडी कशाला बंद पडंल? नव्याला येत न्हाई व्हय चालवायला?" नंतर काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आजींनी बरोब्बर धरलंय."

आता झालं काय ते. पट्टी साधारण सत्तर टक्क्यांवर आली आणि पडदा काळा झाला. मी पाच सेकंद थांबले, दहा सेकंद थांबले. मग घाम फुटला आणि मी कॅबिनेटचं बटन दाबून धरलं. बंद.

हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते, कारण निम्म्या लोकांचं इथंच चुकतं असं काका म्हणाले. नवा ड्रायव्हर चढताना जुना खाली उतरवावा लागतो, तेवढ्या वेळात पडदा काळा होतो, लुकलुकतो, कधी दोनदा-तीनदा. ते बिघाडाचं लक्षण नव्हे, काम चालू असल्याची खूण. मी नेमकं त्या वेळी बटन दाबून जुना निम्मा काढलेला आणि नवा निम्मा बसलेला अशी गत करून ठेवली.

परत चालू केलं तर बोर्डाच्या कंपनीचा लोगो आला, खाली ठिपक्यांचं चक्र फिरलं आणि मग काळोख. पंखे फिरतायत, दिवे लागलेत, पडद्यावर काही नाही. पुण्याचा भाचा फोनवरून म्हणाला, "मावशी, विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी अशी चार बटनं एकदम दाब." त्यानं ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो म्हणे. दाबली. 'पीप' असा आवाज आला, चित्र नाही. "आवाज आला म्हणजे आत विंडोज जिवंत आहे," एवढं सांगून तो झोपला. मी झोपले नाही.

सोमवारी सकाळी पहिल्यांदा गेले ते एका काचेच्या दुकानात. नाव लिहीत नाही, तो माझा विषय नाही. एसी, टाय लावलेला मुलगा. त्यानं कॅबिनेट न उघडता वायर जोडली, काळा पडदा बघितला आणि चार मिनिटांत निकाल दिला, "कार्ड उडालंय मॅडम." नवीन साडेचोवीस हजार, जुनं परत दिलं तर दोन हजार कमी. मी म्हटलं, लोगो दिसतोय की अजून. तर म्हणाला, "मॅडम, घरी कुणी जेन्ट्स असतील तर त्यांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." ज्या मशीनवर मी अकरा वर्षं संसाराला हातभार लावतेय त्या मशीनबद्दल हे. कॅबिनेट उचललं आणि बाहेर आले.

काकांचा पत्ता मिळाला आमचे अल्बम छापणाऱ्याकडून. मांडीवर कॅबिनेट घेऊन रिक्षानं आणखी एक हेलपाटा. उन्हानं पत्रा इतका तापला होता की खाली ओढणीची घडी ठेवावी लागली.

काकांनी मशीनला हात लावायच्या आधी मला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "बंद पडायच्या आधी काय केलतासा?" एवढंच. मी सांगितलं. आमच्याकडं बायकासुद्धा 'आलो, गेलो' म्हणतात, लिहिताना मी 'आले, गेले' लिहिते, पण घाबरल्यावर तोंडातून खरं तेच येतं. "सत्तर टक्क्यावर पडदा गेला, मी बंद केलो काका." ते हसले नाहीत. "लोगो दिसतोय? चक्र फिरतंय?" दिसतोय म्हटलं. "मग कार्ड कुठं उडालंय? लोगो येतो तवा ड्रायव्हरचा काय संबंध न्हाई. त्यो कार्ड स्वतःच काढतंय. गाडी सुरू होत्या, गिअर पडत न्हाई, तर इंजिन कशाला बदलायचं?"

मला साडेचोवीस हजारांचं उत्तर तिथंच मिळालं होतं. पुढचं सगळं मी स्टुलावर बसून बघितलं आणि तेच जरा सविस्तर सांगते, कारण पैसे मी त्याचे दिले.

पहिलं काम, त्यांनी कॅबिनेटची बाजूची पट्टी काढली आणि माझ्या शूटिंगची हार्ड डिस्क कुठली ते विचारून तिची वायर सोडवली. "आधी तिन्ही लग्नं बाजूला काढून ठेवू. मग काय खेळायचं ते खेळू." असं आजवर कुणी केलेलं मी पाहिलं नव्हतं. मग कार्डाला वीज देणारा आठ पिनांचा सॉकेट दाबून बघितला, कार्ड खाचेत पक्कं बसलंय का बघितलं. पंख्यावरून बोट फिरवलं तर बोटाला राखाडी लोण्यासारखं काहीतरी लागलं. त्यांनी वास घेतला. "उदबत्ती?" मी देव्हाऱ्याचं सांगितलं. "रोज अकरा वर्षं आरती चाललीय हिची," म्हणाले आणि ब्रश घेऊन बसले. पंखा बोटानं धरून ब्रश फिरवत होते. ब्लोअरनं फिरू द्यायचा नाही म्हणे, बेअरिंग खराब होतं. दहा मिनिटं नुसतं तेच.

मग पडदा. काळ्या पडद्यावर मेनू दिसणार नाही, तेव्हा सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या गोष्टींवर सुरू होतं त्या अवस्थेत, जायचं कसं? मला वाटलं डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावतील. तसं काही नाही. सुरू करून चक्र फिरायला लागलं की बटन दाबून बंद, असं मोजून केलं. दोन-तीनदा सुरू होता होता अडलं की विंडोज आपणहून दुरुस्तीचा निळा पडदा दाखवतं. "हे घरी उगीच करत बसू नका, डिस्कला चांगलं न्हाई," हेही लगेच सांगितलं. त्या निळ्या पडद्यावरून ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट आणि चार नंबर. मधेच त्यांनी विचारलं की ड्राइव्हला लॉक आहे का, म्हणजे बिटलॉकर. असेल तर इथं ४८ आकडी किल्ली मागतं आणि लोकांकडं ती नसते. माझ्याकडं लॉक नव्हतं, पण ज्यांच्याकडं असेल त्यांनी ती किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून आधीच वहीत उतरवून ठेवा.

आणि पडदा आला! जाडजाड अक्षरं, चारी कोपऱ्यांत 'सेफ मोड', सगळे आयकॉन फुगलेले. सेफ मोडमध्ये कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर लागत नाही, विंडोजचा साधा कामचलाऊ लागतो. तो चित्र नीट काढतोय म्हणजे कार्ड धड आहे. काकांनी माझ्याकडं बघितलं नुसतं. बोलले काही नाहीत.

विंडोजमध्ये मशीनच्या सगळ्या भागांची यादी असते, डिव्हाइस मॅनेजर, त्यात 'रोल बॅक ड्रायव्हर' असं एक बटन असतं, जुन्या ड्रायव्हरवर परत जायचं. सरळ प्रकरण असेल तर तेवढ्यानं भागतं. माझ्याकडं ते बटन पुसट होतं, दाबलंच जात नव्हतं, कारण परत जायला जुना ड्रायव्हर धड शिल्लक नव्हता. मग त्यांनी पेन ड्राइव्हवरून 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' काढला. फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, सगळे त्याला डीडीयू म्हणतात. नेहमीच्या अनइन्स्टॉलनं ज्या फायली आणि नोंदी मागं राहतात त्या हा शोधून काढतो. चालवायचा सेफ मोडमध्येच, आणि इंटरनेट तोडून. जोडलेलं असेल तर इकडं आपण साफ करतोय आणि तिकडं विंडोज स्वतःहून एखादा ड्रायव्हर आणून बसवतंय असं होतं. काकांनी नेटची केबल काढून सरळ खिशात घातली. ती घरी येताना त्यांच्याच खिशात राहिली, ते जाऊ दे.

साफ झालं, रिस्टार्ट झालं, पडदा साधा, पण आला. आता नवा नाही, मी टाकलेल्याच्या आधीचा ड्रायव्हर त्यांनी दुसऱ्या मशीनवर कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून उतरवून घेतला. गेमवाल्यांसाठीचा नव्हे, एडिटिंगवाल्यांसाठी जो वेगळा देतात तो. मला एवढी वर्षं माहीतच नव्हतं की दोन असतात. सोबत येणारी बाकीची दोन-तीन सॉफ्टवेअरं टिक काढून वगळली.

पट्टी सरकायला लागली. चाळीस, पन्नास. माझा हात आपोआप मांडीवरून उठला असावा, कारण काका म्हणाले, "आता काळी होणार. हात लावायचा न्हाई. च्या घ्या." आणि पडदा काळा झाला. लाँड्रीवाल्याच्या पोरानं चहा आणून दिला होता, तो मी कपात बघत प्यायले, पडद्याकडं बघितलंच नाही. दोन लुकलुकी झाल्या. चहा निम्मा व्हायच्या आत माझ्या डेस्कटॉपवरचा अंबाबाईचा फोटो आला, बारीक, स्वच्छ, मुकुटाच्या खड्यांसकट.

तिथंच मशीन देऊन टाकलं नाही त्यांनी. डिस्कची वायर परत जोडली आणि म्हणाले, तुमचंच एखादं लग्न रेंडरला लावा. पाऊण तास ते चाललं, कार्ड ७४ डिग्रीच्या वर गेलं नाही. पण तोवर त्यांची जेवायची वेळ झाली, मग दुसरं गिऱ्हाईक आलं, मग 'संध्याकाळी या', संध्याकाळी फोन उचलला नाही. मशीन हातात पडलं मंगळवारी दुपारी. घेतले किती, तर ४००. साफसफाई धरून. बिल मागितलं तर कॅलेंडरच्या पानामागं लिहून दिलं. ज्यांना जीएसटीचं बिल लागतं त्यांनी इथं जाऊ नये.

इथवर पाच तारे होते.

मंगळवारी रात्रीच मी हळदीच्या कार्यक्रमाचे रंग करायला बसले. चित्र जरा विटकं वाटत होतं. मला वाटलं फोटोग्राफरनं उन्हात शूट केलंय, तसंच असेल. सावल्या खाली ओढल्या, उजेड वर नेला, छान ठसठशीत केलं आणि बुधवारी पाठवून दिलं. गुरुवारी सकाळी फोटोग्राफरचा फोन, "ताई, हळद हाय का अमावस्या?" त्यानं मोबाइलवर घेतलेला फोटो पाठवला. नवरदेवाच्या केसांच्या जागी काळं भोक. मांडवात मागं बसलेल्या बायका गायब. आणि हळद तर इतकी पेटलेली की नवरीचा गाल कुठं संपतो ते कळेना. हेच माझ्या पडद्यावर सुंदर दिसत होतं.

तशीच उठले आणि मॉनिटरसकट काकांकडं गेले. खरं सांगते, भांडायला गेले होते.

त्यांनी मशीन चालू केलं, माझा डेस्कटॉप आला आणि बसल्या जागेवरून म्हणाले, "काळा काळा दिसत न्हाई." मग उठून दुकानाची ट्यूबलाइट बंद केली, शटर अर्धं खाली ओढलं आणि एक पूर्ण काळं चित्र पडदाभर उघडलं. अंधारात मॉनिटर राखेसारखा उजळत होता. आपण दिवसा उजेडात बघतो म्हणून ते कळत नाही.

इथं टीव्हीवाले काका कामाला आले. कॉम्प्युटर रंग मोजतो ० ते २५५. शून्य म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. टीव्हीच्या सिग्नलमध्ये मात्र काळा १६ पासून सुरू होतो आणि पांढरा २३५ ला संपतो, ती जुनी पद्धत आहे. एचडीएमआय केबल टीव्हीलाही लागते आणि मॉनिटरलाही. साफ करून नव्यानं बसवलेल्या ड्रायव्हरनं माझ्या मॉनिटरला टीव्ही समजून १६ ते २३५ पाठवायला सुरुवात केली. मॉनिटर बिचारा शून्याची वाट बघतोय, त्याला सोळाच्या खाली काही मिळतच नाही, मग तो काळ्याच्या जागी राखाडी दाखवणार. आणि मी त्या राखाडीला काळं करायला फायलीतला अंधार वाढवत बसले. फाईल धड होती, पडदा खोटं बोलत होता.

उपाय अर्ध्या मिनिटाचा. कार्डाच्या कंट्रोल पॅनलमध्ये रिझोल्यूशनच्या पानावर 'आउटपुट डायनॅमिक रेंज' अशी ओळ होती, तिथं 'लिमिटेड' होतं ते 'फुल' केलं. मी पडद्याकडंच बघत होते. राखेवर कुणी पाणी ओतावं तसा काळा रंग खाली बसला. त्याच पडद्यावर हळदीचा व्हिडिओ उघडला तर फोटोग्राफरनं पाठवलेल्या फोटोत होता तसाच, अमावस्येचा.

काका म्हणाले, "ही चूक माझी हाय. साफ केलं तवा तुमची जुनी सेटिंगं बी गेली. मी चालतंय का बघितलो, दिसतंय कसं ते बघितलो न्हाई. टीव्हीच्या टायमाला असं झालं नसतं." पैसे घेतले नाहीत. मीच हट्टानं एक डिस्प्लेपोर्टची केबल घेतली, कारण टीव्ही समजायचा हा घोळ मुख्यतः एचडीएमआयवर होतो असं ते म्हणाले. तिचे ३५० घेतले.

हा एक तारा त्याचाच आहे. माझी एक रात्र, एक हळद आणि फोटोग्राफरपुढं थोडी अब्रू त्यात गेली. सबंध तीन तासांचं रंगकाम परत केलं. चूक कबूल करणारा दुकानदार मला याआधी भेटलेला नाही हे खरं, पण तारे कामाचे देते, स्वभावाचे नव्हे. स्वभावाचे द्यायचे असते तर त्या काचेच्या दुकानालाही एसीचा एक द्यावा लागला असता.

तेव्हापासून माझ्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर चालू ड्रायव्हरचा नंबर आणि तारीख लिहिलेली आहे. विंडोजनं आपणहून ड्रायव्हर आणू नये म्हणून काकांनी 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज'मध्ये 'नो' करून दिलं आहे. कॅबिनेट देव्हाऱ्याखालून काढून खिडकीपाशी ठेवलं, त्यावरून सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा, एक ते चार शटर खाली असतं आणि रविवारी बंद. फोन करू नका, उचलत नाहीत. स्टूल एकच आहे. कॅबिनेटबरोबर तुमचा मॉनिटर आणि तुमचीच केबल घेऊन जा, कारण तिथल्या मॉनिटरवर सगळंच चांगलं दिसतं. आणि निघताना तुमची नेटची वायर काकांच्या खिशातून मागून घ्या. माझी अजून तिथंच आहे.